दोरीला बांधलेला चाकू

हिमायतनगरहून समुद्र गाठायचा म्हणजे नंदीग्राम एक्स्प्रेसमध्ये रात्र काढून मुंबईला उतरायचं. गावाचं जुनं नाव वाढोणा. पंचक्रोशीत ते ओळखलं जातं परमेश्वराच्या मंदिरामुळे आणि महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे. पाणी म्हणाल तर जवळून वाहणारी पैनगंगा आणि पावसाळ्यात लोक ज्याला बघायला जातात तो सहस्रकुंडचा धबधबा. शीड, डोलकाठी, सुकाणू यांच्याशी इथे कुणाचं काही अडत नाही. तरीही इंग्लंडच्या आरमारातली एक सवय असल्या आडगावांच्या शाळांपर्यंत येऊन पोहोचली आहे. स्काउटच्या गणवेशातल्या पोराकडे नीट बघा. गळ्यात दोरी, दोरीच्या टोकाला शिट्टी आणि शिट्टी खिशात. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ती दोरी शोभेची वाटते. जहाजावर ती शोभेची नव्हती, आणि तिच्या टोकाला खलाशाचा चाकू असे.

ही दोरी शाळेत आली ती बेडन-पॉवेल यांच्या घरातून, असं म्हटलं तरी चालेल. स्काउट चळवळीचे जनक रॉबर्ट बेडन-पॉवेल स्वतः घोडदळातले. थोरला भाऊ वॉरिंग्टन मात्र तरुणपणी शाही आरमारात होता. पुढे तो वकील झाला, पण होड्यांचा नाद सुटला नाही आणि धाकट्या भावांना शिडाची नाव चालवायला त्यानेच शिकवलं. १९०७ साली ब्राउनसी बेटावर पहिलं स्काउट शिबिर भरलं, १९०८ मध्ये रॉबर्ट यांचं पुस्तक आलं आणि १९१२ मध्ये वॉरिंग्टनने सागरी स्काउटांसाठी वेगळं पुस्तक लिहिलं. जंगलात तळ ठोकणं, माग काढणं हे स्काउटांनी लष्कराकडून घेतलं. गाठी आणि चाकूची दोरी खलाशांकडून. भारतात ही चळवळ १९०९ मध्ये आली, तीही सुरुवातीला गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरती. ७ नोव्हेंबर १९५० रोजी वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था झाली. मराठवाड्यातल्या शाळेत आज पोरं रीफ नॉट, क्लोव्ह हिच, बोलाइन अशा गाठी घोकून पाठ करतात आणि सोपान चाचणीत बांधून दाखवतात. ज्या घरात बैलाचं दावं रोज खुंट्याला बांधलं जातं तिथल्या पोराला यातलं निम्मं आधीच येत असतं, नावं तेवढी नवी.

आता चाकूकडे वळू. १९०५ च्या नमुन्याचा ब्रिटिश घडीचा चाकू हातात घेतला की आधी जाणवतं ते वजन. दिसायला ओबडधोबड. मुठीवर दोन्ही बाजूंनी काळं आवरण, ओल्या हातातून सटकू नये म्हणून त्यावर बारीक चौकड्यांच्या खाचा. एका बाजूला पातं आणि डबा फोडायचं हत्यार, पाठीला घडी होऊन बसलेला एक जाड टोकदार खिळा आणि मुठीच्या बुडाशी तांब्याची कडी. पातं नखाने ओढून उघडावं लागतं. आतली पोलादी पट्टी ताठ असते, अर्ध्यात आलं की अंगठ्याला जोर जाणवतो आणि शेवटी खट्‌ असा आवाज होऊन ते घट्ट बसतं. पहिल्या महायुद्धात लाखो सैनिकांच्या खिशात हा चाकू होता. घडण मात्र त्याने जहाजावरून उचललेली.

जहाजाची खूण कुठे दिसते? पात्याच्या टोकाशी. या पात्याला टोकच नाही. धार अगदी सरळ जाते आणि पाठ शेवटी खाली वळून धारेला मिळते. मेंढीच्या खुरासारखा हा आकार. इंग्रज त्याला ‘शीप्सफुट’ म्हणतात. त्यामागे दोन कारणं सांगितली जातात. पहिलं सरळ आहे. जहाज हेलकावे खात असतं, शेजारी माणूस उभा असतो, दोर ताणलेला असतो. अशा वेळी हात घसरला तर टोकदार पातं कुणाच्या तरी पोटात जाणार. दुसरं कारण शिस्तीचं. महिनोन्‌महिने एकाच लाकडी डब्यात कोंडलेली, दारूचा रतीब मिळणारी, वैतागलेली माणसं भांडली तर त्यांच्या हातात भोसकायचं हत्यार असू नये, ही कप्तानांची इच्छा. खलाशी जहाजावर आला की कप्तान त्याच्या चाकूचं टोक मोडून टाकत, अशी कहाणी संग्राहकांच्या तोंडी नेहमी असते. कहाण्यांचं सोडा, अमेरिकेने तर १८६६ च्या कायद्यात व्यापारी जहाजांवरच्या खलाशांना म्यानातले चाकू अंगावर बाळगायला बंदी केली होती. घडीचा चाकू त्या मानाने निरुपद्रवी.

मला तिसरं कारण जास्त पटतं, कारण ते कामातून आलेलं आहे. जाड दोर चाकूने करवतत बसायला वेळ नसतो. दोर फळीवर ठेवायचा, त्यावर पातं आडवं धरायचं आणि पाठीवर लाकडी मोगरीने एक ठोका द्यायचा. धार सरळ असेल तर ती दोरावर सगळीकडे एकदम टेकते आणि दोर एका घावात तुटतो. वळणदार धारेने हे जमत नाही. पात्याची पाठ जाड का असते, याचंही उत्तर त्याच ठोक्यात आहे.

पाठीमागचा खिळा, ज्याला खलाशी मार्लिनस्पाइक म्हणतात, तो बघून पुष्कळांना वाटतं की हे भोसकायचं काम करत असणार. तो आहे दोराचा पीळ उकलायला. तीन पेडी दोर तुटला तर खलाशी गाठ मारत नाही. दोन्ही टोकांचे पेड मोकळे करतो, मग शाबूत भागातला एकेक पेड खिळ्याने उचलतो, खाली फट झाली की मोकळा पेड तिच्यातून ओवतो. एकावरून, मग एकाखालून, पिळाच्या उलट दिशेने. तीन-चार वेढे झाले, ओढून घट्ट केलं, की सांधा जवळजवळ दोराइतकाच पक्का होतो आणि हात फिरवला तर थोडी जाडी तेवढी लागते. हा खटाटोप कशाला, हे मोट पाहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. मोटेचा नाडा चाकावरून जातो. त्याला गाठ असेल तर ती चाकावर अडते, उडते, एक दिवस नाडा चाकाबाहेर पडतो आणि पाण्याने भरलेली मोट विहिरीत जाते. जहाजावर अशी चाकं, म्हणजे कप्प्या, शेकड्यांनी असत. केकताडाचा वाख काढून किंवा अंबाडीचं सूत वळून दोर करणारी माणसं मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या होती. दोराचं हे शास्त्र त्यांना परकं वाटलं नसतं.

दोर किती, याचा अंदाज यावा म्हणून एक आकडा. ट्रफाल्गरच्या लढाईत नेल्सन ज्या जहाजावर होता त्या एचएमएस व्हिक्टरीला सुमारे २६ मैल दोर लागत असे आणि तिची मुख्य डोलकाठी पाण्यापासून २०५ फूट उंच होती. आपल्या जवळचं उदाहरण हवं तर मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली एचएमएस ट्रिंकोमाली घ्या. मलबारच्या सागवानाची ही फ्रिगेट १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरली आणि आज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगत उभी आहे. पुढच्या काळात ब्रिटिश आगबोटींच्या डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी मोठ्या संख्येने होते. त्यांच्यात सारंग म्हणजे मुकादम, तांडेल त्याच्या हाताखालचा. दोराशी ज्याचं काम, त्याच्याजवळ धारेचं हत्यार असायचंच.

पण चाकू कितीही चांगला असला तरी दोरीवाचून तो जहाजावर अर्धा. घरात चाकू पडला तर वाकून उचलता येतो. जहाजाच्या काठावर पडला तर तो गेला. पुढच्या बंदरापर्यंत दुसरा नाही. आणि डोलकाठीवरून पडला तर खाली माणसं आहेत. वर आडव्या काठीवर पोटावर रेलून काम करणाऱ्या खलाशाचा एक हात स्वतःला धरायला लागतो, दुसरा कामाला. चाकू सोडून दोर पकडायची वेळ आली तर विचार न करता मूठ उघडता आली पाहिजे. दोरीने ती सोय केली. ब्रिटिश आरमारी गणवेशातली गळ्यातली पांढरी सुती दोरी ही याच कामाची. पुढे शिडं गेली, वाफ आली, डिझेल आलं. चाकूचं काम कमी होत गेलं आणि दोरी मागे उरली, इस्त्री करून, गाठी घालून, समारंभात मिरवायला. गणवेशातल्या बऱ्याच शोभेच्या वस्तूंचं असंच होतं.

उंची, दोर आणि पातं हे तीनही एकत्र येतात तिथे माणूस त्याच उत्तरापर्यंत पोहोचतो, समुद्र असो वा नसो. नांदेड जिल्ह्याची पूर्व हद्द ओलांडून तेलंगणात गेलं की ताडावर चढणारे गौड दिसतात. झाडाभोवती आणि कमरेभोवती दोराचा वेढा, पाय खोडाला रेटलेले, आणि पाती कमरेला बांधलेल्या म्यानात. वर गेल्यावर फुलोऱ्याच्या देठाला रोज पातळ काप द्यायचा असतो, त्यामुळे धार वस्तऱ्याची लागते. हातातून पडलेली सुरी परत आणायची म्हणजे पुन्हा सगळं झाड उतरायचं. खलाशाची अडचण ती हीच. आपल्याकडे करदोड्याला किल्ली, चिमटा, कानकोरणं बांधणारी म्हातारी माणसंही याच पंथातली म्हणायची, फक्त त्यांना पडण्यापेक्षा हरवण्याची धास्ती जास्त.

नांदेडात आणखी एक बांधलेलं पातं रोज दिसतं. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या परिसरातल्या दुकानांतून कृपाण ओळीने टांगलेले असतात, आणि अमृतधारी शीख उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे जाणाऱ्या गातऱ्यात तो घालतात. कारण मात्र अगदी वेगळं. इथे पट्टा आहे तो कृपाण अंगापासून दूर होऊ नये म्हणून. ते श्रद्धेचं चिन्ह आहे, अवजार नव्हे. संविधानाच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात कृपाण धारण करणं हा शीख धर्माचरणाचा भाग मानला आहे. देशांतर्गत विमानप्रवासातही तो ठरलेल्या मापाचा चालतो: पातं ६ इंचांपर्यंत, एकूण लांबी ९ इंचांपर्यंत. आरमारी चाकूला ही सवलत नाही. नांदेडहून विमानाने निघालात तर तो तपासणीआधीच चेक-इनच्या बॅगेत गेलेला बरा.

आणि हो, रामपुरी. हिंदी सिनेमाने खिशातला चाकू म्हणजे रामपुरी हे समीकरण इतकं पक्कं केलं की घडीचा चाकू जवळ बाळगणारा प्रत्येक जण संशयित ठरतो. रामपूर शहराने तर २०२३ मध्ये चौकात भलामोठा चाकू उभा करून या प्रसिद्धीचा स्वीकार केला. दोन्ही चाकू शेजारी ठेवा. रामपुरीत सगळी कारागिरी टोकाकडे निघालेली आहे, आरमारी चाकूत ती टोकापासून मागे आलेली आहे. एकाला लपवायचं असतं, दुसरा दोरीने जाहीर करून मिरवतो.

कायदा हा फरक काही प्रमाणात ओळखतो. शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्याखालच्या नियमांनुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले सोडून. म्हणून आठवडी बाजारात विळे, खुरपी, कत्त्या उघड्यावर विकल्या जातात आणि घिसाडी रस्त्याच्या कडेला भाता लावून त्या घडवतात, त्यात गैर काही नाही. आरमारी चाकूचं पातं तीन इंचांच्या आसपास, म्हणजे मापात कुठेच अडत नाही. पण माप हा एकच मुद्दा नसतो. सणावाराला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात बंदीचे आदेश निघतात आणि तेव्हा हत्यार जवळ बाळगणं हाच गुन्हा होतो. चाकू खिशात टाकून मिरवणुकीत जाणाऱ्याची हौस कुणी समजून घेत बसत नाही. शेतात जाताना, सहलीला जाताना, दोर कापायचा आहे तिथे बाळगावा. बाकी वेळ घरी.

संग्रह करणाऱ्यांची जात निराळी. महाराष्ट्रात खिशातल्या-कमरेच्या वस्तू जपण्याचा नाद कुठवर जाऊ शकतो हे पाहायचं तर पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघावं. दिनकर केळकरांनी दिवे, दौती, अडकित्ते असं घराघरांतलं सामान गावोगाव फिरून गोळा केलं आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय उभं केलं. तिथले अडकित्ते पाहिले की कळतं, रोजच्या वापराच्या पात्यावर माणूस किती जीव लावतो: घोडे, मोर, मिथुनं. आरमारी चाकूत यातलं काही नाही. नक्षी शून्य. म्हणूनच त्याचा संग्राहक खुणा वाचायला शिकतो.

आपल्याकडे असे चाकू मिळायच्या जागा ठरलेल्या. मुंबईचा चोरबाजार, माझगावजवळचा दारूखाना, जिथे २०१४ मध्ये आपली पहिली विमानवाहू नौका विक्रांत तोडायला घेतली, आणि गुजरातेतलं अलंग. अलंगच्या रस्त्यावर जहाजांतून निघालेल्या खुर्च्या, दिवे, ताटल्या, दोर यांची दुकानंच्या दुकानं आहेत. मात्र भंगार जहाजातून निघालेला चाकू जुना असेलच असं नाही. बहुतेक जहाजं काही दशकांपूर्वीचीच असतात. शिवाय जहाजी वस्तूंच्या चकचकीत पितळी नकला आपल्याच देशात बनतात, रुरकी त्यासाठी नावाजलेलं आहे. पितळी मुठीवर नांगर कोरलेला, ‘रॉयल नेव्ही’ ठसठशीत लिहिलेला चाकू दिसला तर दुकानदाराला नमस्कार करून पुढे चालावं. खऱ्या सरकारी चाकूवर अशी जाहिरात नसते. असतो तो शेफील्डच्या कारखान्याचा छोटा शिक्का, कधी साल, आणि सरकारी मालमत्तेची निशाणी म्हणून तीन रेघांचा रुंद बाण. तोही नीट बघण्यासाठी भिंग लागतं.

त्यापुढची परीक्षा कानाने आणि बोटाने होते. पातं उघडताना आणि मिटताना दोन्ही वेळा खट्‌ आवाज आला पाहिजे. उघडलेलं पातं डावी-उजवीकडे हलवून बघावं. सांध्याची रिव्हेट सैल झाली असेल तर ते लुटलुट करतं. धार दगडावर घासून-घासून पातं अरुंद झालेलं असेल तर चाकू भरपूर वापरलेला, आणि तो दोष नाही. कडी आतल्या बाजूने झिजलेली असेल तर आणखी चांगलं: याचा अर्थ दोरी खरंच बांधलेली होती. नकली जुनेपणा आणणारे पातं गंजवतात, पण कडीची आतली बाजू झिजवायचं सहसा विसरतात.

जुनं पोलाद गंजतं, काळं पडतं. तो करडा-निळसर रंग म्हणजे त्याचं आयुष्य. पॉलिश पेपर घेऊन चकाचक करणारा उत्साही माणूस चाकूची निम्मी किंमत एका दुपारी घालवतो. गंजाचा लाल थर असेल तेवढाच तेलाने आणि चिंधीने काढावा. तेल शिलाई मशीनचं घ्यावं. खोबरेल थंडीत सांध्यात गोठतं आणि पातं जड चालायला लागतं.

आजही ही जोडी निवृत्त झालेली नाही. कमांडर दिलीप दोंदे यांनी ‘म्हादेई’ या ५६ फुटी शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० ला मुंबईतच परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. गोव्यात बांधलेल्या त्या नौकेवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रं होती, पण शिडं दोरांवरच चालत होती. खोल समुद्रातल्या शिडाच्या शर्यतींसाठी जागतिक संघटनेचे जे सुरक्षा नियम आहेत, त्यांत डेकवरून हात पोहोचेल अशा जागी, म्यानात घातलेला आणि नीट बांधलेला धारदार चाकू असलाच पाहिजे, अशी अट आहे. दोर पायात अडकून माणूस ओढला जाऊ लागला तर गाठ सोडत बसायला वेळ कुणाला?

चाकू कुठलाही असो, दोरी घरी करता येते. बोटाच्या निम्म्या जाडीचा सुती दोर पुरे. बैलाचा कासरा जाड पडतो आणि नायलॉनची गाठ आपोआप सैल होते. लांबी दुकानात मोजू नये. एक टोक कमरेच्या पट्ट्याला लावावं, चाकू हातात घेऊन हात डोक्यावर पूर्ण ताणावा आणि जिथे दोर जेमतेम ढिला राहतो तिथे कापावा. त्याहून आखूड ठेवला तर काम करताना हिसका बसतो, लांब ठेवला तर गुडघ्यात येतो. चाकूच्या कडीला निरगाठ, पट्ट्याकडच्या बाजूला सुरगाठ, म्हणजे वेळ पडली तर एका ओढीत सुटेल. टोकं उसवू नयेत म्हणून पक्क्या दोऱ्याने दहा-बारा वेढे आवळून घ्यावेत. आणि गळ्यात घालायची ती शिट्टीची दोरी. चाकूची घालू नये. यंत्राच्या पट्ट्यात किंवा ट्रॅक्टरच्या फिरत्या दांड्यात गळ्यातला दोर अडकला, तर तो कापायला लागणारा चाकू त्याच दोराच्या दुसऱ्या टोकाला असतो.